साखरेची जाळी



केकवर लावायच्या साखरेच्या लेसविषयी या सदरात लिहावे, असे गेल्या काही महिन्यांत अनेकींनी सुचविले. मी ते लांबणीवर टाकीत राहिले. कृती ठाऊक नव्हती असे नाही. या लेसशी माझा एक हिशेब बाकी होता आणि तो पुरा झाल्याखेरीज इतरांना चार गोष्टी सांगण्याचे धैर्य मला होत नव्हते. तो हिशेब आता, निदान घरापुरता, मिटला आहे. म्हणून आधी तोच सांगते. कृती त्याच्या पोटात येईलच.

गेल्या ज्येष्ठात माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. सूर्यास्तापूर्वी सर्वांचे जेवण उरकावे म्हणून समारंभ दुपारी चार वाजता ठेवला होता. केक मी घरीच केला. दह्यातला, बिनअंड्याचा, नेहमीचाच. तो जरा थाटाचा दिसावा म्हणून येथील, म्हणजे सांगलीच्या, बेकरी-साहित्याच्या एका दुकानातून लेसची तयार पूड आणि सिलिकॉनची मॅट आणली. पूड साध्या पारदर्शक पिशवीत भरून दिलेली होती. पिशवीवर ना घटक, ना ठिपका. पाण्यात कालवली, मॅटवर पसरली, ओव्हनमध्ये वाळविली आणि अर्ध्या तासात हात-हात लांबीची, नऊवारीच्या काठासारखी जाळीदार पट्टी मोकळी झाली. मला स्वतःलाच नवल वाटले.

सासूबाईंचा जन्म क्रोशाच्या सुईवर गेलेला. आमच्या घरातली तोरणे, रुमाल, समईखालची आसने, सारे त्यांच्या हातचे. केक कापून झाल्यावर त्यांनी ती पट्टी बोटांवर घेतली, उजेडाकडे धरली आणि टाके मोजू लागल्या. ‘कोपऱ्यावर वळविताना दोन खांब जास्त घातलेत बघ. ज्यानं हा साचा केला त्याला विणकाम ठाऊक आहे,’ असे म्हणून त्यांनी तो तुकडा समाधानाने खाल्ला. वर आणखी एक मागून घेतला.

आठवड्याने धाकट्या जावेने पुडीविषयी विचारले म्हणून मी दुकानात गेले. दुकानदाराने या वेळी मूळ डबा समोर ठेवला. परदेशी डबा, बारीक अक्षरे. साखर, ग्लुकोज आणि तिसरा शब्द जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे शिजवून काढलेला चिकट पदार्थ, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. दुकानदाराचा दोष मी काढीत नाही. मी विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. पण आयुष्यात ज्यांनी बाहेरचा बिस्किटाचा पुडाही उलटा करून वाचल्याशिवाय उघडला नाही, त्यांच्या हातात मी तो तुकडा दिला होता.

चार दिवस मी गप्प राहिले. न सांगितल्याने कोणाचे काय बिघडणार होते, असे मनाला समजावून पाहिले. मन काही समजेना. पाचव्या दिवशी त्या सामायिकाहून उठल्यावर सांगून टाकले. त्यांनी ओरडावे असे मला वाटत होते, म्हणजे बरे वाटले असते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत साखर न खाण्याचा नियम त्यांनी घेतला. मी म्हटले, ‘आत्ती, मीही सोडते.’ त्या म्हणाल्या, ‘तू सोडलीस तर चव कोण बघणार? तू ते नीट करायला शीक.’

तेव्हा गेला संपूर्ण चातुर्मास आमच्या स्वयंपाकघरात असा गेला: एका बाजूला साखर सोडलेल्या सासूबाई आणि दुसऱ्या बाजूला साखरेत हात बुडवून बसलेली मी.

आता मूळ विषयाकडे वळते. युरोपात केकवर साखरेची नक्षी काढण्याची कला जुनी आहे. तिचे जे सर्वांत प्रसिद्ध रूप, ते रॉयल आयसिंग. अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर फेटून ते करतात. कागदाच्या कोनातून बारीक धार सोडून मेणकागदावर जाळी काढायची, ती वाळू द्यायची आणि श्वास रोखून उचलायची. ती काचेसारखी कडक होते. वाकत नाही, मोडते. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या जोसेफ लॅम्बेथ यांच्या ग्रंथाने केकसजावटीची जी शैली जगभर पोहोचविली, तीही अशाच हाताने काढलेल्या रेघांची. आज आपण जिला लेस म्हणतो ती वस्तू निराळी आहे. ती मॅटवर थापून काढतात, कापडासारखी गुंडाळता येते आणि केकच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसते. हा लवचीकपणा साखरेचा नव्हे. साखर स्वभावतः कडक. तिला वाकायला लावणारा दुसरा कोणी तरी तिच्या पोटात असतो आणि प्रश्न सारा त्याचाच आहे. तयार पुड्यांत तो कधी जिलेटिन असतो, कधी अंड्याच्या बलकाची पूड, कधी वनस्पतिजन्य डिंक. तिन्ही लेस दिसायला सारख्याच. चव घेऊनही ओळखता येणार नाहीत.

आपल्याकडेही साखरेचे अलंकार नवे नाहीत. संक्रांतीला हलव्याचे दागिने करताना परातीतील खसखशीवर वा तिळावर पाक थेंबथेंब सोडीत, मंद आचेवर बोटांनी फिरवीत काटा आणणाऱ्या आज्या अनेकींनी पाहिल्या असतील. तेथे जो संयम लागतो तोच येथे लागतो. आणि तो हलवा पौषाच्या कोरड्या हवेतच का करतात, याचे उत्तरही मला पुढे श्रावणात मिळाले.

पहिली गोष्ट, वाचन. आपल्या देशात वेष्टनावर हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. २०२० च्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. अंडे त्रिकोणात मोडते, ही आपल्या सोयीची गोष्ट. परंतु हिरवा ठिपका पाहून तेथेच थांबू नका. कायद्याच्या व्याख्येत दुधाबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक म्हणजे लाखेचा लेप, यांनाही मोकळीक आहे. लाख ही किडीपासूनच मिळते. चमकणाऱ्या गोळ्या आणि मण्यांवर हा लेप असू शकतो. घटकांत तो ९०४ या आकड्याने लिहिलेला असतो. गुलाबी-लाल रंगातील १२० हा आकडा म्हणजे कोचिनील किड्यांपासून काढलेला रंग. ग्लिसरीन प्राणिजन्यही असते, वनस्पतिजन्यही. ‘मेरिंग पावडर’ असे लिहिले असेल तर ती बहुधा अंड्याचीच समजावी. आणि कंदमुळांविषयी तर ठिपका काहीच बोलत नाही. ‘स्टार्च’ वा ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ मक्याचे असेल, तसेच बटाट्याचे किंवा टॅपिओकाचेही असेल. वरखाच्या बाबतीत आपण चौकशी करायला केव्हाच शिकलो. येथेही तीच सवय हवी. सुट्या पिशवीतील पूड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, एवढे मी माझ्यापुरते ठरविले आहे.

दुसरी गोष्ट, तो वाकविणारा घटक आपणच निवडायचा. मी आधी अगर-अगर वापरून पाहिले, ते दोन कारणांनी सोडले. ते समुद्री शेवाळापासून होते आणि आपल्यापैकी पुष्कळ घरांत शेवाळ वर्ज्य आहे. शिवाय त्याचा थर लवचीक न होता चटकन तुटतो. अखेर स्थिरावले ते सीएमसीवर. कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज असे त्याचे लांबलचक नाव, आकडा ४६६. टायलोज या नावाने मिळणारी पूडही याच कुळातली. लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंतून सेल्युलोज काढून त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ही पांढरी पूड तयार होते. पाण्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर पातळ, चिवट पापुद्रा बनविते. आपल्याला हवे ते एवढेच.

प्रमाण असे. उकळते पाणी ७० मिलिलिटर, सीएमसी २ लहान चमचे सपाट म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, वस्त्रगाळ पिठीसाखर १०० ग्रॅम, मक्याचे कॉर्नफ्लोअर दीड लहान चमचा, लिक्विड ग्लुकोज १ लहान चमचा आणि वास नसलेले तेल अर्धा लहान चमचा. प्रत्येकाचे काम निराळे आहे. साखर अंग देते. कॉर्नफ्लोअरमुळे लेस काचेसारखी पारदर्शक न दिसता दुधी दिसते. ग्लुकोज साखरेचे खडे होऊ देत नाही आणि थोडी ओल राखते. ते विसरलात तर लेस दुसऱ्या दिवशी पापडासारखी मोडते. तेलाने ती मॅटवरून सुटते. व्हॅनिलाच्या अर्कात पुष्कळदा मद्यार्क असतो, म्हणून मी तो घालीत नाही. पाणी उकळतानाच वेलदोड्याची दोन टरफले टाकते आणि गाळून घेते.

सीएमसी थेट पाण्यात टाकू नका; गुठळ्या होतील आणि त्या कशानेही मोडणार नाहीत. हे मी दोनदा करून पाहिले आहे. आधी ती दोन मोठे चमचे पिठीसाखरेत नीट मिसळा, मग उकळते पाणी ओतीत भराभर फेटा. दहा मिनिटे झाकून ठेवा. पूड फुगून मिश्रण खळीसारखे होईल. त्यात उरलेली साखर, कॉर्नफ्लोअर व ग्लुकोज घालून तीन-चार मिनिटे बीटरने फेटा आणि तेल शेवटी घाला. भज्यांच्या पिठाहून घट्ट, श्रीखंडाहून सैल, असे ते दिसले पाहिजे. त्यानंतर दोन तास झाकून ठेवणे फार महत्त्वाचे आहे. फेटताना शिरलेली हवा या वेळात वर येऊन निघून जाते. घाई केली तर लेसमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडतात. पुष्कळ जणी मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. ज्यांच्या घरी रात्रीचे शिळे चालत नाही त्यांनी सकाळी करून दुपारी थापावे. फरक पडत नाही.

थापणे हेच खरे कौशल्य. मॅटवर मिश्रण ओतून पॅलेट नाइफने आधी उभे, मग आडवे, मग तिरके पसरवावे, म्हणजे खाचांच्या तळाशी हवा अडकत नाही. मग स्क्रेपर किंचित तिरका धरून वरचे मिश्रण ओढून काढावे, इतके की नक्षीच्या कडा मॅटच्या रंगात स्वच्छ दिसू लागतील. कडांवर पापुद्रा राहिला तर जाळीची भोके बुजतात आणि लेस पोतेऱ्यासारखी दिसते. ओव्हन ८० अंशांवर ठेवून दहा मिनिटे वाळवावे, बाहेर काढून दुसरा अगदी पातळ हात फिरवावा आणि पुन्हा पाच-सात मिनिटे ठेवावे. घरगुती ओव्हनचा काटा पुष्कळदा १०० अंशांखाली येत नाही. अशा वेळी दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवावी आणि पाचव्या मिनिटापासून लक्ष ठेवावे. कोपरा उचलून पाहा. चिकटून ताणला गेला तर कच्ची. टक् असा आवाज झाला तर जास्त झाली. जास्त झालेली टाकून देऊ नका. पंख्याखालून हलवून ती अर्धा तास उघड्या हवेत ठेवा. हवेतील ओल शोषून ती बहुधा पुन्हा मऊ होते. शेवटी मॅट पालथी करून ओट्यावर ठेवावी आणि लेस न ओढता मॅटच तिच्यावरून हळूहळू मागे सोलावी. ही एक युक्ती कळेपर्यंत माझ्या निम्म्या पट्ट्या फाटल्या.

रंग हवा असेल तर पाण्यात केशराच्या चार काड्या भिजवाव्यात. हस्तिदंती छटा येते. गुलाबीसाठी बीट सुचविणाऱ्या कृती आहेत, पण बीट आपल्याला चालत नाही. मला स्वतःला पांढरी लेसच आवडते.

आता श्रावणाची गोष्ट. सांगलीत त्या पंधरवड्यात ऊन दिसले नाही. ओव्हनमधून काढलेली लेस दहा मिनिटांत पुन्हा चिकट होई. दुसऱ्यांदा वाळवावी तर मधे चिकट आणि कडेला कडक. एकदा ती टेबलावर रात्रभर वाळत ठेवली, आणि सकाळी पाहते तो नक्षीच्या प्रत्येक खाचेत मुंग्या. त्यांना न दुखविता बाहेर काढायला माझा अर्धा दिवस गेला आणि ती मॅट अंगणात कडुलिंबाखाली ठेवून द्यावी लागली. पूर्वी कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. त्यात त्या बुडून मरतात, म्हणून तो उपाय नको. तेव्हापासून ओव्हनशिवाय वाळवायची झाली तर मी मॅट बंद, थंड ओव्हनमध्येच ठेवते. थंडीत आठ-दहा तासांत लेस तयार होते. ओव्हन पुन्हा पेटविण्यापूर्वी आत पाहायचे मात्र विसरायचे नाही. पावसाळ्यात लेस करूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हलवा करणाऱ्या आज्यांना हे सांगावे लागले नसते.

सासूबाई ओट्याशेजारच्या पाटावर बसून हे सारे पाहत. चव घ्यायची नाही, पण डोळ्यांनी पारखायला नियमाची आड नव्हती. ‘इथे खांब तुटलाय’, ‘ही कडा जाड झाली’, असे त्या सांगत आणि मी ती पट्टी मोडून पुन्हा साखर चाळायला घेत असे. एकदा त्यांनी सीएमसीची पुडी हातात घेऊन ही कशाची म्हणून विचारले. मी सरकीच्या तंतूंचे सांगितले. ‘म्हणजे म्हशीला घालतो ती सरकी?’ त्यांच्या माहेरी कापूस पिके. मी म्हटले, सरकी नव्हे, तिच्या अंगावरची लव. त्यांनी पुडीवरचा ठिपका पाहिला, मग मला चष्मा मागून घेतला आणि सगळी बारीक अक्षरे वाचून काढली.

केकवर चढविण्याविषयी थोडे. आपल्याकडचे बहुतेक केक फेटलेल्या क्रीमचे असतात. क्रीममध्ये पाणी असते आणि पाणी लागले की लेस विरघळते. म्हणून ती केक कापण्यापूर्वी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा आधी लावू नये आणि लावल्यावर केक फ्रीजमध्ये नेऊ नये. बाहेर काढताच त्यावर दव धरते. अधिक वेळ टिकवायची असेल तर केकभोवती आधी पांढऱ्या चॉकलेटचा घट्ट थर द्यावा. फाँडंटवर ती सर्वांत छान बसते, ओलसर ब्रश फिरवून दाबली की झाले. पण तयार फाँडंटमध्येही जिलेटिन असू शकते. तेथेही डबा उलटा करावा. उरलेल्या पट्ट्या बटर पेपरच्या घड्यांत, हवाबंद पिशवीत, अंधाऱ्या कपाटात काही आठवडे राहतात. आपल्या घरातील मर्यादा काय ते ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी समारंभाच्या आदल्या दिवशीच करते.

कार्तिकी पौर्णिमा झाली, सासूबाईंचे पारणे झाले. मी लेस पुढे केली नाही; त्यांनीही विचारली नाही. पौषात नातवाचा पहिला वाढदिवस आला. हवा कोरडी होती. सकाळी मी ओट्यावर साखर, सीएमसी, कॉर्नफ्लोअर, ग्लुकोज आणि तेल यांच्या पुड्या व डबे एका ओळीत मांडून ठेवले, तोंडे त्यांच्याकडे करून. त्यांनी प्रत्येक उचलून पाहिला, काही न बोलता जागेवर ठेवला आणि पाटावर बसल्या. मिश्रण निथळत ठेवले त्या दोन तासांत त्यांनी नातवाच्या टोपीला क्रोशाची कडा विणून घेतली.

चार वाजता केक कापला. मी ताटलीत त्यांना बिनलेसचा तुकडा दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हात पुढे करून केकच्या कडेची पट्टी स्वतःच सोलून घेतली, खिडकीकडे धरली आणि टाके मोजले.

‘हा साचा पहिल्यासारखा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘कोपऱ्यावर खांब वाढवायला विसरलाय.’

आणि मग ती खाल्ली.